तेरणेकाठचे थूप आणि मसणवटे

महापरिनिब्बानसुत्तात भगवंतांनी आनंदाला भूमिकंपाची आठ कारणे सांगितली आहेत. पहिले निसर्गाचे : पृथ्वी जलावर, जल वायूवर, वायू आकाशात स्थित, महावात वाहू लागला की जल हलते आणि जलाबरोबर पृथ्वी. त्याच सुत्तात पुढे थूपारह, म्हणजे ज्यांच्या अस्थींवर स्तूप उभारावा असे चार जण, येतात. भूमिकंप आणि अस्थी यांचा हा शेजार आमच्या भागात केवळ ग्रंथातला राहिलेला नाही.

मुरुडहून जवळच तेरणेकाठी तेर, म्हणजे प्राचीन तगर. तेथील उत्खननात चक्राकार पायाचा, विटांचा सातवाहनकालीन स्तूप मिळाला. हीच तेरणा पुढे किल्लारीच्या परिसरातून वाहते. तेथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, धरणी हलली. सुमारे आठ हजार माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली; जुनी गावठाणे आणि त्यांच्या लगतचे मसणवटे मात्र मागे राहिले.

पांढरीचे गावठाण हे बहुधा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीचे थर असतात. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन लोकांनी मृत बालके दोन मडक्यांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखालीच पुरली होती. तेव्हा पडलेल्या भिंतींचा मलबा यंत्राने ढकलण्यापूर्वी मोजमाप व छायाचित्रे घेणे, भिंत कोणत्या दिशेने पडली हे टिपणे, उघड्या पडलेल्या अस्थी जागच्या जागी नोंदून पुन्हा मातीआड करणे, हे पुरातत्त्वाचे तातडीचे काम ठरते. काठमांडूचा काष्ठमंडप २०१५ च्या भूकंपात कोसळला, तेव्हा नेपाळचा पुरातत्त्व विभाग आणि डरहॅम विद्यापीठ यांनी पुनर्बांधणीपूर्वी तेथे उत्खनन केले. बाराव्या शतकातली समजली जाणारी ती वास्तू पायाच्या पुराव्याने सातव्या शतकापर्यंत मागे गेली.

जखमी माणसापुढे अस्थींची काय मातब्बरी, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे, आधी माणूस. परंतु लोक नव्या गावी गेल्यावर तरी कोणीतरी मागे वळून पाहावयास हवे होते. भाजे येथील स्तूपांवर धम्मगिरी, संघदिन या थेरांची नावे कोरलेली आहेत, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही आम्ही ती घेतो. लिंगायत, मुसलमान आणि पूर्वाश्रमीचे महार यांच्या दफनभूमींत शिलालेख क्वचितच. तेथे जागा हाच लेख.

तो अजून वाचता येईल. प्रत्येक जुन्या गावठाणाचा मोजणी-नकाशा करून, त्यावर कोणाचे दफन कोठे आहे हे गावातील वडीलधाऱ्यांना सोबत नेऊन भरून घ्यावे. १९९३ साली जे तिशीत होते, ते आज साठी ओलांडून गेले आहेत.