सुप्याचे रोखे आणि आपला अंगठा

बचत गटात एखादी बाई अंगठा लावायला पुढं आली की आपण म्हणतो, "अगं, सही तरी शिक." सही शिकायलाच हवी. पण कागदात काय लिहिलंय हे वाचता येणं, ही त्याच्या पुढची गोष्ट. त्यासाठी आज दीडशे वर्षं मागं जाऊ.

12 मे 1875. आजच्या बारामती तालुक्यातलं सुपे गाव. बाजाराचा दिवस. जमलेले शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. मागणी एकच, वह्या आणि कर्जरोखे द्या. कागद हाती आले की त्यांची होळी. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत हेच घडलं. त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

राग कागदावर का होता? अमेरिकेतलं युद्ध 1865 साली संपलं आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव पडले. त्यात सरकारनं सारा वाढवला. कर्ज फिटेना. रोख्याची मुदत कायद्यानं तीन वर्षं ठरवली होती. व्याज साचू नये, हा त्यामागचा हेतू. पण सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करी, थकलेलं व्याज मुद्दलात घाली आणि त्या सगळ्यावर पुन्हा व्याज लावी. शेतकऱ्याला अक्षर येत नव्हतं. सावकार सांगेल ते ऐकायचं आणि निशाणी करायची.

मग 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी नवा कायदा आला. कर्जाचा कागद गावच्या निबंधकासमोर करायचा, शेतकऱ्याला वाचून दाखवायचा, त्याला समजला तरच सही-निशाणी घ्यायची.

पुढं शाळा आल्या, साक्षरतेचे वर्ग आले. 1951 च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत जेमतेम 9 जणी साक्षर होत्या. 2011 मध्ये त्या 65 च्या आसपास झाल्या. अंगठा जाऊन सही आली.

आणि आता अंगठा परत आलाय! रेशन दुकानात, बँकेच्या प्रतिनिधीकडं, सिमकार्ड घेताना, सगळीकडं मशीनवर बोट ठेवा म्हणतात. शिकलेली असो वा न शिकलेली, अंगठा सगळ्यांचाच. त्या बोटानं खात्यातले पैसेही निघतात. किती निघाले ते मात्र मशीनच्या पडद्यावर, पावतीवर आणि मोबाईलच्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचलं नाही, तर आपली गत सुप्याच्या शेतकऱ्यासारखीच.

म्हणून 1879 ची ती रीत आपल्या गटात आणू या. बोट ठेवण्याआधी आकडा मोठ्यानं वाचायचा. ज्यांना येत नाही, त्यांना शेजारणीनं वाचून दाखवायचा. पावती मागून घ्यायची. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. आणि बैठकीत रोज दहा मिनिटं, आपापल्या मोबाईलवरचा बँकेचा एक मेसेज सगळ्यांनी मिळून वाचायचा. येत्या बैठकीपासूनच सुरुवात करा.