हितोशी किहारा आणि गव्हाची वंशावळ

पिकांची उत्पत्ती हा दीर्घकाळ केवळ अनुमानाचा प्रांत मानला जात असे. कणसाचा आकार, पानांवरील लव, जुन्या वसाहतींत सापडलेले जळके दाणे, एवढ्या सामग्रीवर विद्वानांचे वाद चालत. ही वंशावळ प्रयोगाने पडताळून पाहता येते हे ज्या थोड्या संशोधकांनी दाखवून दिले, त्यांत क्योतो विद्यापीठाचे हितोशी किहारा (१८९३–१९८६) यांचे स्थान फार वरचे आहे.

किहारांचे शिक्षण सापोरो येथे झाले. तेथेच १९१८ साली तेत्सु साकामुरा यांनी गव्हाच्या रंगसूत्रांची अचूक गणना करून त्याच्या जातींचे १४, २८ व ४२ रंगसूत्रांचे तीन गट असल्याचे सिद्ध केले. आपल्याकडील खपली व बन्सी हे गहू दुसऱ्या गटात मोडतात. सर्वत्र पिकणारा पोळीचा गहू तिसऱ्या गटातला. साकामुरा परदेशी गेले व त्यांचे संकरित गहू तरुण किहारांच्या हाती आले. वारसा लहान होता. परंतु त्यातूनच पुढील चाळीस वर्षांचे कार्य उभे राहिले.

किहारांची पद्धती दिसावयास सोपी होती. २८ व ४२ रंगसूत्रांच्या गव्हांच्या संकरात ३५ रंगसूत्रे येतात. बीजपेशी तयार होताना त्यांतील २८ रंगसूत्रांच्या चौदा जोड्या जुळतात व सात एकाकी राहतात. जे जुळते ते समान कुळातील, जे एकाकी राहते ते परके, हे त्यांचे गमक होते. त्यावरून पोळीच्या गव्हात सात-सात रंगसूत्रांचे तीन भिन्न संच असून प्रत्येक दुहेरी आहे, असा निष्कर्ष निघाला. या संचांना अ, ब आणि ड अशी अक्षरनामे मिळाली. ‘जीनोम’ हा शब्द हान्स विंकलर यांनी १९२० सालीच योजला होता. पण ज्याच्या अभावी जीव जगू शकत नाही असा रंगसूत्रांचा संच, हा कार्यवाची अर्थ त्याला १९३० साली किहारांनी दिला.

उरला प्रश्न तिसऱ्या संचाच्या दात्याचा. एजिलॉप्स सिलिंड्रिका या रानटी गवताचा पोळीच्या गव्हाशी संकर केल्यास सात जोड्या जुळतात. म्हणजे या गवतात ड संच आहे. त्याचा दुसरा संच एजिलॉप्स कॉडाटाचा. तेव्हा ड संच एकटा बाळगणारे गवत कोणते? १९४४ साली किहारांनी एजिलॉप्स स्क्वारोसा (आजचे नाव टाउशाय) हे उत्तर दिले. त्याच वर्षी अमेरिकेत मॅकफॅडन व सीअर्स यांनी स्वतंत्रपणे तेच प्रतिपादिले. महायुद्धामुळे परस्परांचे कार्य परस्परांस ठाऊक असणे शक्य नव्हते. शत्रुराष्ट्रांतील दोन प्रयोगशाळा एकाच उत्तरावर याव्यात, यापेक्षा अधिक निःपक्षपाती साक्ष शास्त्राला क्वचितच मिळाली असेल. अमेरिकन संशोधकांनी रानटी खपली व हे गवत यांच्यापासून ४२ रंगसूत्रांचा गहू प्रत्यक्ष घडविला. किहारा व फ्लोरा लिलिएनफेल्ड यांनीही तसाच गहू तयार केला.

१९५५ साली किहारांच्या नेतृत्वाखाली क्योतो विद्यापीठाची मोहीम काराकोरम व हिंदुकुश प्रदेशात गेली. पाकिस्तान, अफगाणिस्तान व इराणमधून गोळा केलेल्या वाणांवरून या गवताचे वैविध्य प्रथमच विस्ताराने अभ्यासता आले. त्याच वर्षी ते मिशिमा येथील राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेचे संचालक झाले. बिनबियांचे त्रिगुणित कलिंगड ही त्यांचीच देणगी. सर्वसामान्यांत त्यांची कीर्ती गव्हापेक्षा त्यामुळेच अधिक पसरली, हे काहीसे विनोदी खरे.

मात्र त्यांच्या गमकाला मर्यादा होती. १९५८ पर्यंत सीअर्स व ओकामोटो, तसेच इंग्लंडमधील रायली व चॅपमन, यांनी दाखविले की गव्हाच्या ब संचातील एका रंगसूत्रावरील घटक दूरच्या नातलग रंगसूत्रांस जुळू देत नाही. म्हणजे न जुळणे हा परकेपणाचा निर्णायक पुरावा नव्हे. अ व ड संचांविषयीचे निर्णय या आक्षेपानंतरही टिकले, कारण त्यांना प्रत्यक्ष संश्लेषणाचा व पुढे रेणवीय पुराव्याचा आधार मिळाला. ब संचाची गोष्ट निराळी. २०१८ साली पोळीच्या गव्हाच्या जीनोमचा सविस्तर नकाशा प्रसिद्ध झाला, तरी त्या संचाचा नेमका दाता हाती लागलेला नाही. एजिलॉप्स स्पेल्टॉइडिस ही त्याची निकटची आप्त, एवढेच म्हणता येते; मूळ वंश बहुधा लोप पावला असावा.