मांसत्याग, दुग्धत्याग आणि ख्रिस्ती विवेक

आपल्या मंडळ्यांतून आहाराचा प्रश्न निघाला की बोलणे लवकरच जातीपाशी येऊन थांबते. शाकाहार हा उच्चवर्णीयांचा आचार आणि मांसाहार ही ख्रिस्ती स्वातंत्र्याची खूण, अशी समजूत आपल्यात रूढ आहे. तिला कारणेही सबळ आहेत. ज्यांच्या पूर्वजांना ताटातील अन्नावरून हिणवले गेले, त्यांना शाकाहाराचा उपदेश संशयास्पद वाटला तर त्यात नवल नाही. परंतु इंग्लंडातील संघटित शाकाहाराचे एक प्रमुख उगमस्थान ख्रिस्ती उपासनामंदिर होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. तो इतिहास पाहिला असता या प्रश्नाचे निराळे रूप समोर येते.

विल्यम काउहर्ड (१७६३–१८१६) हे मूळचे अँग्लिकन धर्मोपदेशक. पुढे ते स्वीडनबॉर्गच्या शिकवणीकडे वळले. १८०९ साली त्यांनी मँचेस्टरलगतच्या सॉल्फर्ड येथे ‘बायबल ख्रिश्चन चर्च’ ही स्वतंत्र मंडळी स्थापन केली आणि सभासदांस मांस व मद्य वर्ज्य करण्यास सांगितले. ज्यांच्या आडनावाचाच अर्थ ‘गुराखी’, त्यांनी पशूंची बाजू घ्यावी हा योगायोग मोठा गमतीचा आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने मानवास अन्न म्हणून वनस्पती व फळे नेमून दिली, हा त्यांचा शास्त्राधार होता. संयमाने शरीर निरोगी राहते, हेही ते सांगत. विशेष हे की, गिरण्यांच्या त्या धुरकट गावात ते गोरगरिबांना भाज्यांचे गरम सूप वाटीत. त्यांची करुणा पशूंपाशी थांबली नाही.

त्यांचे उत्तराधिकारी जोसेफ ब्रदर्टन यांनी हाच धागा पुढे नेला. १८३२ पासून १८५७ पर्यंत ते सॉल्फर्डचे पार्लमेंट सदस्य होते. स्वतः कापूस गिरणीतून वर आलेल्या या पाळकाने गिरणी कामगारांचे तास कमी व्हावेत म्हणून लढा दिला व देहान्त शिक्षेस विरोध केला. त्यांच्या पत्नी मार्था यांनी शाकाहारी पाकक्रियेवर इंग्रजीतील एक आरंभीचा ग्रंथ सिद्ध केला. १८१७ साली याच मंडळीचे विल्यम मेटकाफ काही कुटुंबांसह फिलाडेल्फियास गेले व अमेरिकेत त्यांनी हे बीज पेरले. १८४७ साली रॅम्सगेट येथे ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष जेम्स सिम्प्सन हेही बायबल ख्रिश्चनच होते.

मात्र मार्थाबाईंच्या पाककृतींत लोण्याची व अंड्यांची रेलचेल होती. दुधाचा प्रश्न तेव्हा कोणाला फारसा टोचला नव्हता. तो पुढे टोचू लागला. गाय दूध देते ते वासरू झाल्यावर. आणि दुग्धव्यवसायास निरुपयोगी ठरलेला गोऱ्हा खाटिकाकडे जातो. मग मांस सोडून दूध ठेवणारा मनुष्य त्या हत्येतून खरोखर मोकळा होतो काय? हा वाद सोसायटीच्या नियतकालिकात विसाव्या शतकाच्या आरंभीच झडला होता. अखेर नोव्हेंबर १९४४ मध्ये डॉनल्ड वॉटसन या सुतारकामाच्या शिक्षकाने मोजक्या सहकाऱ्यांसह निराळी संस्था काढली आणि ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची आद्य व अंत्य अक्षरे जोडून ‘व्हीगन’ हा शब्द रूढ केला.

आरोग्याच्या बाजूने हा मार्ग आरंभी निर्धोक नव्हता. वनस्पतिजन्य अन्नातून बी-१२ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही आणि त्याचा शोध तर १९४८ साली लागला. आज ते गोळ्यांच्या किंवा पूरक अन्नाच्या रूपाने घेता येते, व ते घेणे अगत्याचे आहे. उत्साहाने ज्ञानाची उणीव भरून निघत नाही.

हीच अडचण गांधीजींनीही अनुभवली. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. पुढे भारतात दीर्घ आजारानंतर, १९१९ च्या आरंभी, त्यांना शेळीचे दूध स्वीकारावे लागले. व्रताची अक्षरे राहिली, आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत लपविली नाही. १९३१ साली लंडनमध्ये शाकाहारवाद्यांपुढे बोलताना त्यांनी प्रतिपादन केले की, केवळ आरोग्यासाठी शाकाहारी झालेले बहुधा टिकत नाहीत. त्याला नैतिक अधिष्ठान हवे. आजारात स्वतःचा निश्चय वाकलेला पाहिलेल्या माणसाचे हे बोल आहेत.

आता आपल्याकडे वळू. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे युरोपीय ताट स्वीकारणे नव्हे, हे त्यांनी आचरणाने दाखविले. उलट, मांस खाणारा ख्रिस्ती त्यामुळे उणा ठरत नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने दोन्ही बाजूंना आवरले आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोषी ठरवू नये.

या दुसऱ्या आज्ञेचा भंग आपल्या देशात शतकानुशतके झाला आहे. म्हणून मांसत्यागाचा विचार मांडणाऱ्यावर येथे अधिक जबाबदारी येते. त्याचा त्याग शेजाऱ्याच्या ताटाकडे नाक मुरडत असेल, तर तो जुन्या सोवळ्याचाच नवा अवतार होय. तो मुक्या जनावराच्या वेदनेतून उपजला असेल, तर त्याने कामगाराच्या, उपाशी माणसाच्या वेदनेपर्यंतही पोहोचले पाहिजे. सॉल्फर्डच्या मंडळीने मांस सोडले आणि त्याच दारात भुकेल्यांसाठी सूपही वाटले. त्या दोन गोष्टींची फारकत होऊ न देणे, हाच तिचा आपल्यासाठी धडा आहे.