झिबिले

मागे कामानिमित्त बर्लिनला गेलो होतो तेव्हा रविवारच्या जुन्या बाजारात एक विटका अंक हाती लागला. नाव ‘झिबिले’. माझं जर्मन स्टेशन आणि भाजीबाजारापुरतंच, त्यामुळे आधी फोटो पाहिले. पोपडे उडालेली भिंत, रिकामा रस्ता आणि मधोमध उभी एक बाई. सरळ आपल्याकडे बघतेय, पण हसत नाहीये. फॅशनच्या मासिकात हे विचित्रच वाटलं, म्हणून मग त्याच्या मागे लागलो.

‘झिबिले’ 1956 साली पूर्व बर्लिनमध्ये सुरू झालं. झिबिले बोडेन-गेर्स्टनर या बाईंनी ते काढलं आणि त्यांचंच नाव त्याला मिळालं. पूर्व जर्मनीत छापलं जाणारं बहुतेक सगळं सरकार आणि पक्षाच्या नजरेखाली असायचं, तसं हेही. वर्षाला सहा अंक, किंमत अडीच मार्क, प्रती दोन लाख. त्या हातोहात खपायच्या आणि मग मैत्रिणी-मैत्रिणींत फिरायच्या. पुढे बाईंचा बाज फारच फ्रेंच आहे अशी टीका होऊन त्यांना बाजूला व्हावं लागलं. 1961 मध्ये आलेल्या डोरोथेआ मेलिस यांनी तर विद्यार्थिदशेतल्या प्रबंधात याच मासिकावर टीका केली होती! त्यांनी मॉडेल्सना स्टुडिओतून उचलून रस्त्यावर आणि कारखान्यांच्या आवारात उभं केलं. वाचणाऱ्या बायका नोकरीवर जाणाऱ्या होत्या, मग फोटोतली बाई सोफ्यावर लोळत कशाला दाखवायची?

गोची पुढेच आहे. यातले बरेचसे कपडे दुकानात मिळतच नसत. कापड कारखान्यांना नगांचं टार्गेट. कॉलर बदलायची तर काम अडणार, टार्गेट हुकणार, मग कोण कशाला बदलेल? दुकानात मिळायचं ते डेडेरॉन, म्हणजे त्यांचं नायलॉन (डे-डे-एर या देशाच्या आद्याक्षरांवरून नाव), नाहीतर देशाच्या विसाव्या वाढदिवसानिमित्त आलेलं ‘प्रेझेंट 20’ नावाचं पॉलिएस्टर. जरा बरं हवं असेल तर ‘एक्स्क्विझिट’ नावाची सरकारी महागडी दुकानं होती. मेलिसबाई 1970 मध्ये तिकडेच कामाला गेल्या. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ‘झिबिले’ म्हणजे कधीच रिलीज न झालेल्या प्रॉडक्टचं देखणं युजर मॅन्युअल.

पण बायकांनी ते मॅन्युअल मनावर घेतलं. फोटो बघून, कटिंगचे नमुने वापरून घरीच शिवायच्या. कापड नसेल तर चादरी रंगवायच्या. बाळाच्या लंगोटाचं कापड रंगवून त्याचे ड्रेस शिवणाऱ्याही होत्या. दिवसभर नोकरी, रात्री मशीन. 1980 च्या दशकाअखेर तिथल्या नव्वद टक्क्यांच्या आसपास बायका नोकरीत किंवा शिक्षणात होत्या. सरकार हा आकडा अभिमानाने मिरवायचं, शिवणाचे तास मात्र कुठल्याच योजनेत मोजलेले नव्हते.

आता त्या न हसण्याबद्दल. झिबिले बेर्गेमान (नावातलं साम्य निव्वळ योगायोग) या छायाचित्रकार बाईंनी 1981 साली बाल्टिक किनाऱ्यावर झेलीन इथे तरुण मुलींचा एक फोटो काढला. चेहरे गंभीर, किंचित कंटाळलेले. समाजवादी देशातली मुलगी अशी उदास कशी? म्हणून छापताना रिटच करून ओठांचे कोपरे वर वळवले. म्हणजे कपडा पुरवता येईना, पण हसू पुरवलं.

देश 1990 मध्ये संपला, मासिक 1995 मध्ये बंद पडलं. बेर्गेमानबाईंचा तो मूळ फोटो नंतर प्रदर्शनांत लागला, ओठ होते तसेच. माझ्या अंकातली बाईही कुणाच्या तावडीतून सुटली असावी. पाच युरो देऊन तिला घरी आणलं.