एक तबकडी, दोन वाचक

कपाटातल्या जुन्या सीडी संगणकावर उतरवून ठेवायला बसले, की बहुतेक तबकड्या निमूटपणे उतरतात. काही मात्र अडतात. कधी संगणकाला तबकडीच दिसत नाही. कधी ती दिसते, पण गाणी सापडत नाहीत. कधी गाणी उतरतात, पण वेष्टनावर सांगितलेला उच्च दर्जा त्यांत नसतो. अशी अडणारी तबकडी पुष्कळदा संकरित असते, म्हणजे एकाच तबकडीत दोन जातींचे गुण आणलेली असते. हा संकर का झाला आणि तो संगणकालाच का पचला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

१९८० साली फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी सीडीचे नियम ठरवले. तो ग्रंथ 'रेड बुक' म्हणून ओळखला जातो. तबकडीचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, वाचणाऱ्या लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, असे सारे त्यात बांधून दिले होते. तबकडीच्या आतल्या कडेला अनुक्रमणिका असते. कोणते गाणे कोठे सुरू होते ते यंत्र तेथे वाचते. हे नियम केवळ संगीतासाठी होते. संगणकाची माहिती साठवणारी सीडी-रॉम त्यानंतर आली.

पुढे एकाच तबकडीवर संगीत आणि संगणकाची माहिती असे दोन्ही देण्याची कल्पना निघाली. सुरुवातीला माहिती पहिल्या ट्रॅकमध्ये ठेवत. पण साध्या सीडी-प्लेअरला ती माहिती आहे हे कळेलच असे नाही. त्याने ती 'वाजवली' तर कर्कश आवाज येई आणि ध्वनिवर्धकाला इजा होण्याची भीती असे. १९९५ सालच्या 'ब्लू बुक'ने यावर सुरेख तोड काढली. तबकडीची दोन सत्रे करायची, आतल्या सत्रात संगीत आणि बाहेरच्या कडेकडील सत्रात माहिती. साधा प्लेअर पहिल्या सत्राची अनुक्रमणिका वाचून थांबतो. संगणक मात्र शेवटचे सत्र शोधत जातो. दोन वाचकांच्या सवयी वेगळ्या, म्हणून दोघांचीही सोय झाली.

१९९९ साली याच दोन कंपन्यांनी 'सुपर ऑडिओ सीडी' आणली. तिच्या संकरित प्रकारात सत्रे नव्हेत, तर थर दोन असतात. पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटरवर अधिक दाट थर आणि १.२ मिलिमीटरवर नेहमीच्या सीडीचा थर. वरचा थर ६५० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश परावर्तित करतो. ७८० नॅनोमीटरचे अवरक्त किरण मात्र त्यातून पार जातात. म्हणून जुन्या प्लेअरला वरचा थर जणू दिसतच नाही. वर्गात याचे ढोबळ प्रात्यक्षिक करता येईल. कागदावर तांबड्या आणि निळ्या खडूने एकमेकांवर दोन शब्द लिहा. तांबड्या जिलेटिन कागदातून पाहिले तर निळा शब्द ठळक दिसतो, निळ्यातून पाहिले तर तांबडा. यंत्रणा तीच नव्हे, पण कोणत्या प्रकाशात पाहतो यावर काय वाचता येते ते ठरते, एवढे विद्यार्थ्यांना पटेल.

मग डीव्हीडी वाचणाऱ्या संगणकात तांबडा लेसर असूनही वरचा थर का उतरत नाही? कारण त्यातील मजकूर सांकेतिक रूपात कुलूपबंद आहे आणि त्याची किल्ली संगणकांच्या ड्राइव्हना दिलेलीच नव्हती. येथे अडसर प्रकाशशास्त्राचा नसून हेतूचा आहे. संगणकावर उतरते ते खालच्या थरातील साधे संगीत. तबकडी संकरित नसली, तर तेही नाही.

त्यानंतरच्या काही वर्षांत सत्रांच्या युक्तीचाही असाच उपयोग झाला. नक्कल थांबवण्यासाठी काही कंपन्यांनी बाहेरच्या सत्रात मुद्दाम सदोष माहिती ठेवली. प्लेअर सुखरूप वाजे, संगणक गोंधळून बसे. २००२ साली असे उघड झाले, की बाहेरच्या कडेवर साध्या मार्कर पेनने रेघ ओढली की संगणकाला ते सत्र दिसत नाही आणि गाणी उतरतात! अशा तबकड्या सीडीच्या नियमांत बसत नाहीत, असे फिलिप्सनेच तेव्हा सांगितले.

२००५ साली प्रकरण आणखी पुढे गेले. सोनी बीएमजीच्या काही तबकड्यांतील प्रोग्राम विंडोज संगणकात शिरून स्वतःला दडवत असे. त्या आडोशाचा फायदा इतर घातक प्रोग्रामनाही घेता येत होता. मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने ३१ ऑक्टोबरला हे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात कंपनीला त्या तबकड्या परत मागवाव्या लागल्या.

दोन वाचकांमधील फरक आधी दोघांना सामावून घेण्यासाठी वापरला गेला आणि नंतर एकाला वगळण्यासाठी. मानक म्हणजे केवळ मापांची यादी नव्हे. नियमांप्रमाणे बनवलेली वस्तू नियमांप्रमाणे बनवलेल्या कोणत्याही यंत्रात चालेल, हा तो शब्द असतो. १९८० सालच्या नियमांनी बनलेली सीडी आजही वाचता येते, ती तो शब्द पाळला गेल्यामुळे. जेथे तो मोडला गेला, तेथील संगीत तबकडी धडधाकट असूनही मालकाच्या हाती पूर्णपणे आले नाही.