वॉकओव्हर

आमच्या आजोळी, गिरगावातल्या चाळीत, मे महिन्याच्या सुट्टीत एक भांडण हमखास व्हायचं. इस्टेटीचं नव्हे, त्याला आधी इस्टेट लागते. भांडण 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधल्या फुटबॉलचं. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला आजीचे धाकटे भाऊ बापूमामा. (नात्याने ते आईचे मामा, पण अख्खी चाळच त्यांना मामा म्हणायची.) मधे कांदाभज्यांची परात. वाद पेटला की दोघांचं परातीकडे लक्ष नसायचं, म्हणून आम्ही पोरं तो विझू देत नसू.

भारत तेव्हा चौथा आला होता. मामांचा मुद्दा ठरलेला. "भाऊजी, पहिल्या फेरीत हंगेरी आलीच नाही. वॉकओव्हर! एक मॅच जिंकून उपांत्य फेरीत गेलेल्यांना चांगला संघ म्हणायचं?" तसं त्यांचं अगदीच चूक नव्हतं. चारच वर्षांपूर्वी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असं धुतलं होतं, आणि आपले बरेचसे खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते.

"आणि ऑस्ट्रेलिया? त्यांच्या घरात 4-2!" आजोबा अडकित्ता खाली ठेवत. मग नेव्हिल डिसोझा यायचा. मुंबईचा, मूळ गोवेकर. त्याचे तिन्ही गोल आजोबा भजी मांडून दाखवत, चौथा कृष्णस्वामीचा. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आजोबा "आपला नेव्हिल" असं म्हणत, जणू तो खालच्या मजल्यावर राहतो. कूपरेजवर त्यांनी त्याला पाहिलं होतं म्हणे. मेलबर्नची मॅच मात्र रेडिओवर ऐकली की पेपरात वाचली, हे दर उन्हाळ्यात बदलायचं.

प्रशिक्षक रहीमसाहेबांचं नाव निघालं की आवाज खाली यायचा. हैदराबादचे शाळामास्तर. दुबळ्या पायानेच खेळायच्या स्पर्धा ते भरवत. हे ऐकून आम्ही गच्चीत डाव्या पायाने खेळू लागलो आणि चेंडू थेट आजीच्या पापडांत गेला. त्या दिवशी रहीमसाहेबांनाही दोन शब्द ऐकावे लागले.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. नेव्हिलने पहिला गोल केला, इथवर मामाही गप्प असत. मग लागोपाठ चार बसले. पुढे बल्गेरियाकडून 3-0. "पाहिलंत?" मामा म्हणत. आजोबांचा हुकमाचा एक्का शेवटी पडायचा: त्याच डिसेंबरात सिडनीला पुन्हा ऑस्ट्रेलियाशी मॅच झाली, आणि आपण 7-1 ने जिंकलो. "हा पण वॉकओव्हर का रे, बापू?"

मामा इतके का हटून बसत, ते आईने फार उशिरा सांगितलं. त्यांना रेल्वेत नोकरी लागली ती यादीतला त्यांच्या वरचा माणूस हजर झाला नाही म्हणून. पुढे पस्तीसेक वर्षं त्यांनी ती नेकीने केली, पण स्वतःची ओळख करून देताना म्हणायचे, "आम्ही काय, वॉकओव्हरवाले." मग मेलबर्नच्या पोरांना तरी ते कसे सोडणार?

निकाल दिला तो आजीने, झारा हातात धरून. "हंगेरी आली नाही त्यात पोरांचा काय दोष? पंगतीत पाट रिकामा मिळणं हे नशीब. पुढ्यातलं पान तर ज्याचं त्यालाच संपवावं लागतं ना?" हे तिने संघाला उद्देशून म्हटलं की भावाला, तेव्हा कळलं नव्हतं.

1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्याच संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवून सुवर्ण आणलं. पुढच्याच वर्षी ते कर्करोगाने गेले. ती बातमी वाचून मामांनी पेपराची घडी घातली आणि आजोबांकडे न बघता म्हणाले, असं आई सांगते, "चांगले होते हो, भाऊजी. तेव्हाही चांगलेच होते."