तेरची अर्धवर्तुळाकार भिंत

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. त्या दिवसांत आपल्या कितीतरी कुटुंबांत मराठवाड्यातील या जिल्ह्याचे नाव प्रथमच आपुलकीने उच्चारले गेले. पुढे २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. २०२४ साली फादर दिब्रिटो प्रभूच्या घरी गेले. संमेलनाच्या निमित्ताने जडलेला हा ऋणानुबंध मात्र तिथेच थांबू नये, असे आम्हांला वाटते. म्हणूनच त्या जिल्ह्यातील एका लहानशा वास्तूची ओळख वाचकांना करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

धाराशिव म्हटले की तुळजापूरची भवानी, नळदुर्गचा पाणीमहाल, परंड्याचा किल्ला ही नावे ओठांवर येतात. आम्ही वाचकांना नेणार आहोत ते तेरणा नदीकाठच्या तेर या गावी. गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी त्याला ओळखतात. गावातील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे आहे. त्याच्यापुढे नंतरच्या काळात जोडलेला सपाट छताचा मंडप आहे. मंडप ओलांडून मूळ वास्तूला बाहेरून प्रदक्षिणा घालू लागले की एक नवल ध्यानी येते. मागची भिंत काटकोनात वळत नाही. ती अर्धवर्तुळ घेत दुसऱ्या बाजूस जाऊन मिळते. वर शिखर नाही. हत्तीच्या पाठीसारखे लांबट, गोलाकार छत आहे. आपले अभ्यासक त्याला गजपृष्ठाकार म्हणतात.

ही आकृती कॅथलिक माणसाला अनोळखी वाटत नाही. लांबट सभागृह, त्याच्या टोकाला अर्धवर्तुळाकार भिंत आणि त्या भिंतीच्या कुशीत वेदी! युरोपातील शेकडो जुन्या चर्चेसचा आराखडा हाच आहे. अकराव्या आणि बाराव्या शतकांत तेथे जी जाड भिंतींची, अर्धगोल कमानींची, पिंपाच्या आकाराच्या दगडी छतांची चर्चेस उभी राहिली, त्यांच्या शैलीला रोमनेस्क असे नाव आहे. हे नाव त्या गवंड्यांनी दिलेले नव्हे. एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी ते मागाहून दिले. आपल्याकडील 'हेमाडपंती' या शब्दाची कथा काहीशी अशीच आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. पण त्याच्या जन्मापूर्वीची मंदिरेही लोक त्याच्याच नावे सांगतात. नाव उशिरा येते, वास्तू आधी उभी असते.

मग तेरला ही आकृती कोठून आली? रोममधून खचित नव्हे. आपल्या सह्याद्रीतच तिची वंशावळ आहे. भाजे, कार्ले, कान्हेरी येथील बौद्ध चैत्यगृहे पाहा. दोन बाजूंना खांबांच्या रांगा, मध्ये उपासकांसाठी मोकळी जागा, टोकाला अर्धवर्तुळात स्तूप आणि त्याभोवती प्रदक्षिणामार्ग. एकोणिसाव्या शतकातील वास्तुअभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांना कार्ल्याचे चैत्यगृह पाहून इंग्लंडमधील नॉर्विच येथील रोमनेस्क कॅथेड्रलची आठवण झाली होती. कार्ल्याचे लेणे त्या कॅथेड्रलहून सुमारे हजार वर्षांनी जुने आहे. इकडे ख्रिस्ती लोकांना इ. स. ३१३ नंतर उघडपणे उपासना करण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्यांनी न्यायदानासाठी व व्यवहारासाठी रोमनांनी बांधलेल्या बॅसिलिका या सभागृहाचा आराखडा स्वीकारला. न्यायाधीशाचे आसन जेथे असे, त्या अर्धवर्तुळात वेदी आली.

कोणी कोणाची नक्कल केली, हा प्रश्न येथे गैरलागू आहे, असे आमचे मत आहे. दोन्हीकडे गरज एकच होती. पुष्कळ माणसांना एका छपराखाली एका पवित्र स्थानाकडे तोंड करून उभे राहावयाचे होते. सरळ भिंत दृष्टीला अडविते. गोल भिंत तिला एकवटते. गवंड्याच्या थापीने हे दोन दूरच्या देशांत स्वतंत्रपणे ओळखले.

तरीही तेर आणि रोम एकमेकांना सर्वस्वी परके नव्हते. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या 'तगर' या मोठ्या शहराचा उल्लेख आहे. ते तगर म्हणजेच आजचे तेर. येथील कापड बैलगाड्यांतून अवघड वाटांनी भडोचच्या बंदराला जाई आणि तेथून पश्चिमेकडील देशांत पोहोचे. १९५८ साली येथे चापेकर यांनी उत्खनन केले. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जपलेल्या वस्तूंतून तेथील शासकीय संग्रहालय उभे राहिले आहे. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती भारतीय मूर्ती इटलीतील पॉम्पेई शहराच्या ढिगाऱ्यातून निघाली. पॉम्पेई ज्वालामुखीखाली गाडले गेले ते इ. स. ७९ मध्ये, म्हणजे पेत्र व पौल यांच्या रोममधील हौतात्म्यानंतर अवघ्या दहा-पंधरा वर्षांनी. प्रेषितांच्या पिढीतच मराठवाड्यातील कारागिरीची भावंडे इटलीत पोहोचली होती, हा विचार मनाला स्तिमित करतो.

वसईच्या वाचकांसाठी आणखी एक धागा आहे. दहाव्या ते तेराव्या शतकांत उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरपरमेश्वर' म्हणवीत. समुद्रकाठी राहूनही आपले मूळ ते तेरला सांगत. त्यांच्याच काळात शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास, अंबरनाथचे शिवमंदिर सिद्ध झाले. जर्मनीतील श्पायर येथील प्रख्यात रोमनेस्क कॅथेड्रलचा अभिषेक १०६१ सालचा. दोन खंडांत, जवळजवळ एकाच वेळी, दगडावर छिन्नी चालत होती!

तेरचे मंदिर याहून पुष्कळ जुने आहे. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची नोंद घेतली आणि हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत मांडले. इतर काही अभ्यासक ते आरंभापासून विष्णूचेच असल्याचे मानतात. हा वाद पंडितांनी सोडवावा. आम्हांला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या आराखड्याची विटांची उभी मंदिरे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तेरमधील स्तूपाचे केवळ अवशेष राहिले. तगराची बाजारपेठ मातीच्या टेकाडांखाली गेली. मग ही ठिसूळ विटांची वास्तूच का टिकली?

ती टिकली, कारण तिच्यातील दिवा विझला नाही. यादवकाळी गोरोबाकाका या गावात मडकी घडवीत होते. नामदेवांनी याच मंदिरात कीर्तन केल्याचे परंपरा सांगते. वीट आणि मडके दोन्ही भाजलेल्या मातीचीच. कच्चे काय आणि पक्के काय, हे पारखणाऱ्या संताचे गाव मातीच्या मंदिराने ओळखले जावे, हा योग सुंदर आहे. पिढ्यान् पिढ्या कोणीतरी तेथे झाडलोट केली, गळती बुजविली, चुन्याचा हात दिला. पुढे मंडप हवासा वाटला, तेव्हा त्यांनी तो जुन्या भिंतीला जोडला. जुनी भिंत पाडून तो उभारला नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या दाराशी आहे. वसईच्या किल्ल्यातील चर्चेस तेरच्या मंदिरापेक्षा कितीतरी तरुण आणि भक्कम दगडांची. १७३९ साली किल्ला पडला, पोर्तुगीज निघून गेले आणि कालांतराने उपासकांवाचून ती ओस पडली. आज त्यांवर छप्पर नाही. दगड असूनही ती मोडकळीस आली, कारण त्यांतील मिस्सा थांबली.

हे सांगताना आमच्या मनात आपली धर्मग्रामे आहेत. लोकसंख्या वाढते, जागा अपुरी पडते आणि मग जुने चर्च पाडून काँक्रीटचे नवे बांधावे, असा ठराव होतो. गरज खोटी नसते. उन्हात उभे राहून मिस्सा ऐकणाऱ्या वृद्धांना 'वारसा जपा' असे सांगणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. परंतु तेरकरांनी मंडप जोडून जो मार्ग दाखविला, त्याचा विचार आपण ठरावापूर्वी करतो काय? निदान वेदीमागची जुनी भिंत राखता येईल काय, हे पाहतो काय? चुन्याच्या भिंतींवर घाईने सिमेंटचा गिलावा चढविला जातो. चुना ओल बाहेर टाकतो, सिमेंट ती आतच कोंडते आणि भिंत आतून कुजते. चांगल्या हेतूनेही वास्तू मरते ती अशी.

यासाठी मोठा निधी लागत नाही. आपल्या चर्चची मापे घेऊन ठेवावीत, जुनी छायाचित्रे घराघरांतून गोळा करावीत, वृद्ध सुतार-गवंड्यांकडून बांधणीची माहिती लिहून घ्यावी. तेरचे संग्रहालयदेखील एका गावकऱ्याच्या अशाच वेचण्यातून जन्मले. आणि पाडण्याचा निर्णय करावाच लागला, तर तो जाणत्या माणसाला विचारून, सगळ्या धर्मग्रामासमोर व्हावा.

संध्याकाळी आम्ही तेरच्या त्या गोल भिंतीला हात लावून उभे होतो. दिवसभराच्या उन्हाने विटा अजून ऊबदार होत्या. आत कोणी वृद्ध बाई निरांजन लावीत होती. आपल्या धर्मग्रामात वेदीवरील मेणबत्त्या पेटविणारी माणसे आम्हांला त्या क्षणी आठवली. वास्तूचे खरे राखणदार तेच.